अळी, कोश, सोनपाखरू

पातेल्यात मटाराचा एक दाणा टण्णकन पडला, तेव्हा कुठे मघापासून खोलीत कुणीच बोललेलं नाही हे सगळ्यांच्या ध्यानात आलं.

दाणा रिद्धीच्या हातून सुटला होता. तिने आईकडे चोरून पाहिलं. पण डिंपलचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. समोर दिवाणावर मांडी घालून बसलेल्या दिराकडे ती बघत होती, आणि हातातली शेंग सोलायची राहून गेली होती.

"परत म्हणा," ती म्हणाली.

विपुलने मोबाईल मांडीवर उपडा ठेवला. "परत कशाला? मराठीतच बोललो ना. तुमचा तो अळी-कोश-सोनपाखरूचा कॉम्बो बघायला भारी आहे भाभी, खेळायला नाही. रविवारी पुण्याच्या स्पर्धेला मी अरफातला घेऊन जातो. तुम्ही या की बघायला. रिद्धीलाही आणा, तेवढीच फिरेल."

"जोडीत माझं नाव ठरलं होतं."

"ठरलं होतं. पाठवलं नव्हतं. आज संध्याकाळपर्यंत पाठवायचंय."

डिंपलने शेंग फोडली. दाणे पातेल्यात पडले, टरफल सुपात गेलं. राजुरीहून आलेले मटार गोड होते, पण यंदा शेंगांना कीड फार. भाजी निवडायला बसलं की शेजारी कागदाचा एक तुकडा ठेवायचा, ही या जैन घरातली रीत. अळी निघाली की तिला अलगद कागदावर घ्यायचं आणि मागच्या अंगणातल्या कढीपत्त्यावर नेऊन सोडायचं. पहिलीत गेल्यापासून ते काम रिद्धीने आपल्या अंगावर घेतलं होतं. चालताना ती कागदावर फुंकरसुद्धा लागू देत नसे.

पत्त्यांच्या त्या खेळाला लांबलचक इंग्रजी नाव होतं. घरात सगळे त्याला नुसतं 'रान' म्हणत. लग्न होऊन डिंपल जुन्नरला आली तेव्हा तो विपुलचा खेळ होता. दुपारी दुकान बंद असलं की दोघं भाऊ खेळत, आणि ती चहा ठेवता ठेवता उभ्याने बघत असे. मग एके दिवशी तिच्या नवऱ्याला, अंकितला, झोप लागली आणि त्याचा अर्धवट डाव तिने पुरा केला. तेव्हापासून शिलाई मशीनच्या खणात तिचा स्वतःचा पत्त्यांचा डेक होता. मुलगी झोपली, सासूबाई सामायिकाच्या ध्यानाला बसल्या की ती तो काढी. कधी खेळायलाही नाही, नुसता मांडून बघायला.

खेळ सोपा होता. दोघांपुढे आपापलं कुंपण. आपली पाळी आली की एक पत्ता टेबलावर ठेवायचा आणि एक हल्ला करायचा: एकतर समोरच्याच्या पत्त्यावर, नाहीतर त्याच्या कुंपणावर. कुंपण पडलं की डाव संपला. डिंपलचा आवडता पत्ता होता अळी. तिच्यात काही ताकद नव्हती. पण समोरच्याची एक पाळी ती जगली की तिच्यावर कोश चढवता येई. कोशाला कुणाला हात लावता येत नसे. आणि पुढच्या पाळीला कोशातून सोनपाखरू निघे. सोनेरी चमकीचा तो एकच पत्ता तिच्याकडे होता. तो टेबलावर पडला की समोरचं रान एका झटक्यात साफ होई, कुंपणासकट.

"मी इथं याच टेबलावर तुम्हाला किती वेळा हरवलंय," डिंपल म्हणाली. "अंकितना विचारा."

विपुल हसला. "तेच सांगतोय. इथं, या टेबलावर." मग हसणं आवरून तो जरा पुढे वाकला. "भाभी, खरं सांगू? तुम्ही जिंकत नव्हता."

"म्हणजे?"

"रिद्धी एवढीशी होती तेव्हाचं आठवतं? मी तुमच्या अळीवर रानडुक्कर सोडलं आणि हिनं घर डोक्यावर घेतलं. रात्रीपर्यंत घास खाल्ला नाही. त्या दिवसापासून या घरात तुमच्या अळीला कुणी हात लावलाय? मी नाही. अंकितभैयाने नाही. आम्ही मुकाट तिला मोठी होऊ देतो आणि तुम्ही सोनपाखरू आपटता. पुण्यात कोण कशाला होऊ देईल? पहिल्या पाळीत चिरडतील. आणि मग तुमच्या हातात काय उरतं? कोश. अळीशिवाय कोश म्हणजे रद्दी."

डिंपलच्या नखाखाली शेंगेची शीर आडवी गेली. तिने ती ओढून काढली.

"एवढी वर्षं बोलला नाहीत, विपुलभैया."

"घरातल्या घरात काय बोलायचं? तुम्ही खुश होता."

ते 'खुश' तिला सगळ्यात जास्त लागलं. मागच्या ओट्यावरून सासूबाईंची, प्यारीबाईंची हाक आली, "डिंपल, ऊन उतरायला लागलंय. सूर्य बुडायच्या आत उसळ मिळणार आहे, का आज पत्तेच वाढणार आहेस?"

"टाकते मम्मीजी," तिने आतूनच सांगितलं आणि आवाज खाली आणला. "बोलवा तुमच्या अरफातला. त्याला कुठे आमच्या घरचं काही माहितीये! त्याच्याशी खेळते."

"बोलवलाय मघाशीच," विपुल म्हणाला.

तेही ठरवूनच, तर. दारात चपला निघाल्याचा आवाज झाला आणि अरफात आत आला. जुन्या स्टँडमागे त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. बोटांना अजून सोल्डरचा वास होता. पुण्याच्या स्पर्धेत तो मागच्या वर्षी शेवटच्या फेरीपर्यंत गेला होता आणि हे तो कधी स्वतःहून सांगत नसे, त्यामुळे विपुल सांगे.

"सलाम भाभी. ह्यानं मला काय भलत्यात तर नाय ना ओढलं?"

"भलत्यातच ओढलंय. बसा."

तिने शेंगांची परात रिद्धीकडे सरकवली, हात पदराला पुसले आणि मशीनच्या खणातून डेक काढला.

पहिल्या डावात तिने दुसऱ्याच पाळीला अळी ठेवली. अरफातने ती पाहिली, मान तिरकी करून जरासा विचार केला, आणि आपलं रानडुक्कर तिच्यावर घातलं. अळीचा पत्ता उचलून त्याने बाद ढिगात टाकला. एवढंच. शेंग सोलता सोलता रिद्धीचा हात थांबला.

"राग नका मानू भाभी," अरफात म्हणाला. "हिला तिथंच मारावी लागती. नायतर मग आपलं काय राहतंय?"

"मी काय म्हणत होतो?" विपुलने दिवाणावर थाप मारली. "एक टर्न! एक टर्न जगली नाही!"

"काका, तिला का मारलं?" रिद्धीने विचारलं.

अरफात ओशाळला. "खोटी अळी आहे बेटा. चित्र आहे नुसतं."

डाव संपायला वेळ लागला नाही. डिंपलच्या हातात कोशांवर कोश येत राहिले आणि तिचं कुंपण एकेक काठी पडावी तसं पडत गेलं. दुसऱ्या डावात तिने अळी बराच वेळ दडवून ठेवली, आडोशाला दोन रानडुकरं उभी केली, मग हळूच बाहेर काढली. अरफातने तिच्या डुकरांकडे बघितलंसुद्धा नाही. अळी गेली.

"पुण्याला लोक हसतील, भाभी," विपुल आता मऊ आवाजात म्हणाला, आणि तो मऊपणा त्याच्या ओरडण्यापेक्षा वाईट होता. "तुम्हाला नाही, मला. म्हणतील, भाभीला घेऊन आलाय हौसेखातर. तुमचा हा असला चमकीचा खेळ लहान पोरांच्या वाढदिवसाला ठीक आहे. कुठं जिंकायला जायचं म्हटल्यावर..."

"गप्प बस, विपुल."

'भैया' गळून पडलं होतं. विपुलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अरफात उगाच आपले पत्ते एकसारखे करू लागला.

"अजून एक डाव," डिंपल म्हणाली. "दोन डावांच्या मध्ये पत्ते बदलायची मुभा असते ना पुण्याला?"

"असती," अरफात म्हणाला.

ती डेक घेऊन रिद्धीजवळ खाली, परातीपाशी जाऊन बसली, दोघांकडे पाठ करून. पत्ते पसरले आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. या खोलीत बसून मांडलेल्या कितीतरी दुपारी तिला त्यांत दिसत होत्या. प्रत्येक वेळी अळी जगली होती, आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं होतं की आपण जगवली. दुसऱ्या डावात अरफातची नजर तिच्या डुकरांवरून कशी घसरून गेली ते तिला आठवलं. त्याला अळी सोडून काही दिसतच नव्हतं.

तिने कोश काढले. सगळे. त्यांच्या जागी खणाच्या तळाशी पडलेली, कोपरे मऊ झालेली साधी रानडुकरं घातली. अळ्या होत्या तेवढ्या राहू दिल्या. सोनपाखरू हातात घेऊन ती क्षणभर थांबली. मग पदराच्या टोकाने पुसून तिने ते रिद्धीच्या हातात दिलं.

"हे सांभाळ. दुमडू नकोस हं. आणि काही बोलायचं नाही."

रिद्धीने दोन्ही हातांनी ते छातीशी धरलं. आईचं गुपित आपल्याकडे आलंय, एवढं तिला कळलं, आणि ती फुलून गेली. डिंपलने तिच्या केसांतलं मटाराचं टरफल काढलं आणि उठली.

तिसऱ्या डावात तिने आधी रानडुक्कर ठेवलं; त्याच्याकडे न बघता अरफातने तिच्या कुंपणावर हल्ला केला. पुढच्या पाळीला अळी ठेवली, आणि डुकराने अरफातच्या कुंपणाला धडक दिली. अरफातने अळी मारली. तिने दुसरी अळी ठेवली आणि डुकराने पुन्हा कुंपण फोडलं. अरफातचा हात डुकरावर गेला, तिथे घुटमळला, आणि परत अळीवर आला.

"मार की डुकराला," विपुल म्हणाला.

"मग ही कोशात जाईल ना. त्यानंतर काय करू? सोनपाखरू येऊ दे म्हणतो?"

"मग अळी मार."

"तेच करतोय राव कधीपासून! कुंपण कोण सांभाळणार?"

डिंपलने तिसरी अळी ठेवली. अगदी मधोमध ठेवली, नीट, बोटाने सरळ करून, जणू तिच्यावरच सगळी मदार आहे. अरफातने कपाळ खाजवलं. अळी बाद ढिगात गेली. धडक. चौथी अळी. रिद्धी मघाशी उठून टेबलाच्या कडेला येऊन उभी राहिली होती. प्रत्येक अळी गेली की ती ढिगाकडे आणि मग आईच्या तोंडाकडे बघत होती. डिंपलला ते कळत होतं. तिने मान वर केली नाही. शेवटच्या धडकेला अरफातचं कुंपण पडलं.

"च्यायला," अरफात म्हणाला, आणि मागच्या ओट्यावरच्या प्यारीबाईंच्या आठवणीने त्याने जीभ चावली. "मारली तरी मेलो, नाय मारली तरी मेलो! भाभी, लई बेकार फसवलं. कोश दाखवा तरी."

तिने हातातले पत्ते उलटे करून मांडले. रानडुकरं होती. विपुलने बाकीचा डेक ओढून घेतला आणि एकेक पत्ता बघत गेला. शेवटापर्यंत गेला आणि परत पहिल्यापासून पाहू लागला.

"कोश नाहीच यात," तो म्हणाला. "सोनपाखरू कुठंय?"

"समोरच्याला वाटलं पाहिजे की आहे. तेवढं पुरतं."

अरफात मोठ्याने हसला. "हे चालतंय! विपल्या, हे पुण्याला शंभर टक्के चालतंय. आपल्या अळीला घाबरून लोक आपणहून मरत्यात. मला नको घेऊ, मी चाललो दुकानात."

विपुल हसला नाही. त्याने पत्ते एकत्र केले, टेबलावर ठोकून सारखे केले, आणि तिच्या पुढ्यात ठेवले. "कॉम्बो नाहीच चालत," तो म्हणाला. "ते माझंच खरं झालं."

"हो," डिंपल म्हणाली. "तुमचंच खरं."

त्याने मोबाईल उचलला. अंगठा बराच वेळ हलत राहिला. मग त्याने स्क्रीन तिच्यापुढे धरला. जोडीत दोन नावं होती, विपुल आणि डिंपल. तिने मान हलवल्यावर त्याने ती पाठवून दिली आणि अरफातला सोडायला म्हणून बाहेर निघून गेला.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. आत प्यारीबाईंनी स्वतःच कुकर काढल्याचा आवाज आला, नको तेवढा मोठा. डिंपल घाईने परातीपाशी बसली. जिंकल्याचा आनंद अंगात कुठे तरी होता, पण त्याला बसायला जागा सापडत नव्हती. उरलेल्या शेंगा ती भराभर सोलू लागली. एका शेंगेत हिरवी, नखाएवढी अळी निघाली. दाण्याला वेटोळं घालून निवांत होती.

"रिद्धी, कागद आण. आली बघ एक."

रिद्धी आली. कागद आणला, पण पुढे केला नाही. एरवी आई अळी कागदावर ठेवी आणि मुलगी घेऊन जाई. आज तिने आईच्या हातातली शेंगच हळूच काढून घेतली, अळीसकट, आणि दोन पावलं मागे सरकली. दुसऱ्या हातात सोनपाखरू होतं, अजिबात न दुमडलेलं. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या बाद ढिगाकडे.

"मम्मी," तिने विचारलं, "सोनपाखरू माझ्याकडं आहे, हे अळीला माहीत होतं का गं?"