निशाण दिसतंय तोवर

माझ्या मुलाने आम्हा दोघांना एकाच जहाजावर लागोपाठ दोनदा फिरायला पाठवलं, याचं कौतुक अख्ख्या गावात झालं. मी मात्र पहिल्यापासून नाक मुरडत होते. मुंबईहून गोव्याला जायचं, चौथ्या दिवशी मुंबईला परत यायचं, आणि खाली न उतरता त्याच खोलीतून पुन्हा गोव्याला निघायचं. चार दिवसांत गोवा काय बदलणार होता?

आमच्या धनेशचे न्हावा शेव्याला अकरा ट्रेलर चालतात आणि यंदा त्याला सरपंच व्हायचंय. तो म्हणाला, "आई, जन्मभर मिठागरात राबलाव. आता जरा मजा करा." आमचे हे, म्हणजे बुधाजी, लगेच विरघळले. ह्यांना पोराने पाण्याचा तांब्या दिला तरी भरून येतं. मी ह्यांच्यासारखी नाही. पंचवीस वर्षं अंगणवाडी चालवली आहे मी. पोर खोटं बोलायला लागलं की मानेवरून ओळखते. पण स्वतःच्या पोराची मान बघायची राहून गेली.

आमच्या टेकडीवर जाखमातेचं देऊळ आहे. चैत्र पुनवेला तिची जत्रा भरते आणि देवीची काठी पायथ्यापासून वर नेतात. काठीला पहिला हात आमच्या घरातल्या थोरल्याचा. ह्यांच्या आजाचा होता, वडिलांचा होता, बत्तीस वर्षं ह्यांचा आहे. आमच्याकडे दुसरं काय होतं? मिठागर गेलं, जमीन बंदरात गेली. वर्षातली ती एक संध्याकाळ तेवढी ह्यांची होती. पण धनेश जत्रा समितीत आहे. तो सांगत आला, "देवळाच्या पायऱ्यांचा काम निघालाय. जत्रा आठ दिवस फुडं ढकलली." देवीची पुनव कोणी ढकलतं का, असं मी म्हटलं. हे म्हणाले, "समितीतला पोर सांगतो ना? गप ऱ्हा."

म्हणून गप्प राहिले.

पहिली फेरी संपली तेव्हा सकाळी सगळे प्रवासी पेट्या घेऊन उतरले. आम्हाला काउंटरवरच्या मुलीने गळ्यात घालायला एक हिरवं कार्ड दिलं आणि रिकाम्या हॉलमध्ये बसवून ठेवलं. आमच्यासारखी आणखी दोन म्हातारी जोडपी होती, त्यांच्याही गळ्यात हिरवं कार्ड. सफाईवाले आमच्या पायाखालून मशीन फिरवत होते. दुपारी नवे लोक चढायला लागले. पुन्हा तोच नाच, तेच गुलाबी सरबत, खोलीत टॉवेलचा तोच हत्ती. मला तर त्या हत्तीच्या कानफटात मारावीशी वाटली.

साडेचारला चहाच्या रांगेत कोणीतरी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. शेव्याचा चंदरशेठ होता, धनेशच्या धंद्यातला. बायकोला घेऊन नुकताच चढला होता.

"बुधाजीदादा, तुमी हितं? आज तुमची जत्रा ना? नाक्याव धनेशचा केवढा मोठा बॅनर लागलाय! मानकरी धनेश बुधाजी. फेटा बांधलेला फोटू हाय."

हे कप तसाच ठेवून रांगेतून बाहेर झाले. मी चंदरला विचारलं, "पायऱ्यांचं काम चालू आहे ना?" तो म्हणाला, "कसला काम? कालच रंग मारला."

मी तरातरा काउंटरवर गेले. आम्हाला उतरायचंय, आत्ताच्या आत्ता, असं सांगितलं. भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरली असती तर तासाभरात गावात असतो. ती मुलगी गोड हसली आणि म्हणाली, "सॉरी मॅडम, शिडी काढली. जहाज निघालं." सकाळी दहापासून तीनपर्यंत आम्ही मुंबईच्या धक्क्यावरच, गळ्यात कार्ड अडकवून, लग्नातल्या आहेरासारखे मांडून ठेवलेले होतो. आणि तेव्हा शिडी लागलेली होती! माझा नुसता जळफळाट झाला. धनेशला शिव्या घातल्या, सुनेला घातल्या, तिचा काही दोष असो नसो. मग ह्यांना घातल्या.

"तुमच्यामुळे झालं हे. पोर म्हणेल ती पूर्वदिशा!"

हे फक्त डेकवर चला म्हणाले.

डेकवर गाणी वाजत होती, लोक नाचत होते. आम्ही डाव्या कठड्याशी गेलो. जहाज हळूहळू दक्षिणेला वळलं आणि करंजाच्या बाजूच्या टेकड्या उन्हात आल्या. आमची टेकडी दिसली. वर देवळाचं निशाणही दिसलं. पूर्वी गलबताच्या फाटलेल्या शिडाचं निशाण करत, म्हणून अजूनही तेवढंच मोठं लाल कापड लावतात.

ते बघितलं आणि मला शीव आठवली.

आमच्या गावाचा नियम आहे. मानकरी शिवेबाहेर असेल तर मान मुलाकडे जातो. शिवेत असेल तर त्याची वाट बघायची. सूर्य बुडेपर्यंत तो आला नाही, तर त्या वर्षी काठी उचलायचीच नाही. जमिनीवर शिवेचे धोंडे आहेत. पाण्यात धोंडे कुठले? आमची माणसं मिठाचे पडाव घेऊन मुंबईला जायची, तेव्हापासून पाण्यातली शीव ठरलेली आहे. जिथवर देवळाचं निशाण दिसतं, तिथवर गाव.

मी पुजारी भागोजीला फोन लावला. मागे ढोल वाजत होते.

"भागोजीदादा, काठी उचलू नका. मानकरी शिवेत आहे. समोरच्या जहाजावर."

ढोल थांबायला वेळ लागला. मग भागोजी म्हणाला, "वयनी, तुमचा शब्द चालाचा न्हाय. बुधाजीला द्या." मी फोन ह्यांच्या कानाला लावला आणि स्पीकर चालू केला.

"बुधाजी, निशाण दिसतंय?"

ह्यांनी टेकडीकडे तोंड केलं. डोळे चोळले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. धनेश म्हणतो निवडणूक झाली की ऑपरेशन करू. मी बोटाने दाखवलं. हे बराच वेळ बघत राहिले.

"दिसतंय."

"मंग आमी थांबतो."

लगेच धनेशचा आवाज आला. फोन त्याने हिसकावला असणार. "बाबा, काय चाललंय? हजार मानसं उभी हायत. माझी इज्जत जाईल."

हे म्हणाले, "जत्रा फुडं ढकलली बोल्लास ना?"

"तुमचं गुडघं बघून केला ओ! तुमच्याच भल्यासाठी."

मी ओरडले, "गुडघे दुखतात म्हणून बापाला समुद्रात सोडतोस? खांद्यावर घेऊन चढायचं होतंस!" नाचणारे लोक वळून बघायला लागले. बघू देत.

"बाबा, नुसता न्हाय दिसत बोला. एक शब्द," धनेश म्हणाला. आता तो रडकुंडीला आला होता. लहानपणी मार चुकवताना असाच आवाज काढायचा. मलाही त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. ह्यांचा चेहरा बघून वाटलं, संपलं, हा माणूस आता विरघळणार.

"फोन भागोजीला दे," हे म्हणाले.

मग दर दहा मिनिटांनी भागोजी विचारायचा आणि हे सांगायचे, दिसतंय. सव्वासहाला जहाज पुढे गेलं आणि आमची टेकडी दुसऱ्या डोंगराआड झाली. मी हळूच म्हटलं, "गेलं निशाण." सूर्य अजून चांगला हातभर वर होता.

भागोजीचा आवाज आला. "बुधाजी, जाज आमाला दिसाचा बंद झाला. तुला निशाण दिसतंय?"

"दिसतंय."

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस. तिकडून भागोजी मग म्हणाला, "मानकऱ्याचा शब्द. थांबतो."

सूर्य बुडाला तेव्हा रेंज जात येत होती. काठी जागच्या जागी ठेवली, एवढं भागोजीने सांगितलं आणि फोन तुटला. पाठोपाठ धनेशचे फोन यायला लागले. मी उचलले नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण ज्या घराने कधी काठी अडवली नाही, त्याच घराने यंदा ती आडवी ठेवली, हे गाव वर्षभर बोलणार होतं.

हे अजून कठड्याला धरून उभे होते, तोंड त्याच दिशेला.

"सगुणा, निशाण कवा गेला?"

"सव्वासहाला. सांगितलं ना तेव्हाच."

त्यांनी मान हलवली.

"मना तर तो जाज निघाल्यापासून दिसलाच न्हाय."