खिडकीजवळच्या खुर्चीची लढाई

खिडकीजवळची खुर्ची कुणाची, यावरून आम्हा नवरा-बायकोचं रोज वाजायचं. शेवटी सून वैतागली. तिने टॅबवर लढाईचा खेळ लावून दिला आणि म्हणाली, "जो जिंकेल, त्याची खुर्ची."

एक खेळी यांची, एक माझी. मधूनमधून सैन्याला बढती मिळायची आणि तीन गोष्टींतली एकच निवडायची. माझा वाचायचा चष्मा मोडलेला, म्हणून माझ्या बढत्याही हेच वाचून दाखवत.

"घोडेस्वारांना सोनेरी झूल," हे लाडिकपणे म्हणाले. "काय शोभेल गं! ढालवाल्यांना नगारा, तोही झकास. आणि तिरंदाजांना लांबचा पल्ला. पण ते राहू दे."

"का राहू दे?"

"वारा असतो ना. बाण भरकटतात."

एवढं बोलून यांनी कान खाजवला. लग्न झाल्यापासून बघतेय, थाप मारली की यांच्या कानाला खाज सुटते.

"मला तिरंदाजच हवेत," मी म्हटलं.

पुढच्या प्रत्येक बढतीला मी पडद्याकडे बघितलंच नाही, कानाकडे बघितलं. संध्याकाळच्या आत यांचा किल्ला माझ्या हातात आला.

"दिसत काही नाही, तरी नेमकं निवडतेस कशी?"

"नशीब म्हणायचं," असं म्हणत मी खुर्चीत ऐसपैस बसले.

चष्मा दुरुस्त होऊन आलाय, पण तो मी उशीखाली लपवलाय. खुर्ची परत मिळवायला हे उद्या पुन्हा खेळणार आहेत.