वजा वीस

मित्रांनो, मी पाऱ्याचा जुना रक्तदाबमापक. कळमनुरीच्या अमृतराव डॉक्टरांच्या दवाखान्यात, कपाटाच्या खालच्या फळीवर पडून असतो. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, खात्री नाही. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नवा होतो तेव्हा डॉक्टर मला रोज पुसत. "हे मशीन खोटं बोलत नाही," असं रोग्यांना सांगत. पुढे एकदा मी टेबलावरून पडलो. नळी फुटली नाही, पारा सांडला नाही. पण त्यांच्या मनात शंका शिरली. तेव्हापासून माझ्या आकड्यातून ते वीस वजा करू लागले. हळूहळू मलाही वाटू लागलं, आपलंच चुकत असेल.

तांड्यावरच्या रुख्मिणीबाई गुडघेदुखीसाठी बाजारातल्या एका माणसाकडून औषधाच्या पुड्या घेत. चार-सहा महिन्यांत त्यांचा चेहरा भाकरीसारखा गोल झाला.

"काय वं रुख्मिणी, सून तूप चारून राहिली काय?" बाकावरची गोजरबाई म्हणाली.

"पुडीचं तूप हाय बाई!" रुख्मिणीबाई हसल्या. त्यांचा नवरा भावसिंगही खूश होता. "पहिलं नुसती काडी होती. आता बराबर अंगावर आली."

मी मात्र त्यांच्या दंडावर बसायचो. दंड वाळत चालला होता. पट्ट्याचा वेढा जास्त बसे आणि सोडल्यावर कातडीवर निळा डाग उरे. पारा एकशे ऐंशीवर गेला. डॉक्टरांनी एकशे साठ लिहिले. "मीठ कमी करा, रुख्मिणीबाई." पुड्यांचं त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या खेपेला मी दोनशे दाखवले. "डाक्टरसाहेब, जीव घाबरून राहिला," त्या म्हणाल्या. डॉक्टर माझ्यावर टिचकी मारून म्हणाले, "जुनं झालंय हे." आणि वीस वजा केले.

शिजवलेली हळद वाळत घालताना रुख्मिणीबाई भर दुपारी खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. नांदेडला नेलं, पण हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या; रुख्मिणीबाई वाचल्या नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांना पाठवलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं: पुडीत स्टेरॉइड होतं. त्याच्यासारखंच कॉर्टिसोल नावाचं द्रव्य शरीर स्वतःही थोडं बनवतं. पण महिनोन्‌महिने ते जास्त झालं की रक्तदाब चढतो, साखर वाढते, रक्तवाहिन्या ताठर होतात, त्यांत चरबी साचते आणि हृदयावर घाला पडतो.

डॉक्टरांनी नवं मशीन आणलं. मी कपाटात गेलो.

दोन महिन्यांनी भावसिंग आले. त्यांचाही चेहरा गोल झाला होता.

"घरात तिच्या पुड्या उरल्या होत्या, साहेब. वाया काहून घालायच्या? गुडघा बराबर झाला. मंग आनखी आनल्या."

नव्या मशीनने एकशे नव्वद दाखवले. मग डॉक्टरांनी मला कपाटातून बाहेर काढलं, धूळ झटकली आणि पट्टा बांधला. पारा एकशे नव्वदवरच थांबला.

"पुड्या घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "पण एकदम बंद करू नका. अंगाला त्यांची सवय झालीय, जिवावर बेतेल. मी सांगेन तशा कमी करू."

भावसिंग माझ्या नळीकडे बघत राहिले.

"म्हंजे साहेब, तिचंबी हे बराबरच दाखवत होतं काय?"

डॉक्टरांनी माझं झाकण लावलं.

मित्रांनो, मला पुसू नका, मानाच्या जागी ठेवू नका. घरातलं कुणी पुड्या खाऊन गोल होऊ लागलं, तर कौतुक करण्याआधी पुडीत काय आहे ते विचारा. आणि माझ्यावर शंका आली, तर दुसरं मशीन आणून पडताळा. त्याला दहा मिनिटं लागतात. डॉक्टरांनी ती दिली, पण रुख्मिणीबाई गेल्यावर.