येसराच्या गुठळ्या

तालुक्याचे पुढारी विजयसिंह यांची बायको शिवकन्या पाककृतींचं पुस्तक काढणार, हे कानावर आलं तेव्हा चंद्रभागाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं आणि विचारलं, "चुलीचं तोंड कुठल्या बाजूला असतं, हे तरी तिला ठाऊक हाय का?"

धर्मराज हसला नाही. त्यांच्या या मुलाचं वडवणीत खताचं दुकान होतं आणि पुढाऱ्याशी वाकडं घेऊन ते चाललं नसतं. "तालुक्यातल्या जुन्या पदार्थांचं पुस्तक हाय, आई. वहिनीसाहेबांना आपलं ते जुनं पुस्तक पायजे. चारच दिवस."

"वर फोटो कुणाचा?"

"त्यांचाच असंल की."

चंद्रभागाबाईंकडे पाककृतींची एकतीस पुस्तकं होती. सगळी जीव लावून जमवलेली, आणि एकाही लेखिकेबद्दल त्यांना आदर नव्हता. 'चवीनुसार मीठ' याच्यापुढे जिला मिठाबद्दल काही सांगता येत नाही तिनं पुस्तक लिहूच नये, असं त्यांचं मत होतं. तरी दुपारची भांडी आवरली की एक पुस्तक घेऊन त्या आडव्या होत, आणि पानापानाला नाक मुरडत झोप येईपर्यंत वाचत.

पण धर्मराज म्हणत होता ते पुस्तक वेगळं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी नवऱ्यानं बीडहून आणलेलं. सासू रतनबाईंना अक्षर येत नव्हतं. सून उंबऱ्यात बसून वाचायची, सासू चुलीपुढं ऐकायची, करून बघायची आणि लिहिणारीचा उद्धार करायची. तो उद्धार सून शिसपेन्सिलीनं पानाच्या कडेला उतरवून घ्यायची. 'एवढ्या तेलात म्हैस तळून निघंल.' 'हिनं ज्वारी कणसात बघितली न्हाई.' आणि त्याखाली रतनबाईंची स्वतःची रीत. रतनबाईंना जाऊन पस्तीस वर्षं झाली. त्यांच्या हातचा स्वयंपाक आता त्या कडांवरच काय तो उरला होता, आणि तोही शिवकन्येच्या फोटोखाली छापून निघणार होता.

"पुस्तक घराबाहेर जाणार न्हाई," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तिला पायजे तर तिनं इथं यावं. मी वाचीन, तिनं करावं. आमच्या घरात असंच शिकतात."

ती यायची नाही, याची त्यांना खात्री होती.

मंगळवारी शिवकन्या आली. दोन्ही हातांत मिळून सहा अंगठ्या. "काकू, येसराची आमटी करू. लग्नातली," असं म्हणून तिनं पदर खोचला. तोही कुणीतरी फोटो काढत असल्यासारखा खोचला, हे चंद्रभागाबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

त्यांनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचायला लागल्या. "तेलात जिरं-लसणाची फोडणी द्यावी. पाणी घालून उकळी आणावी. उकळत्या पाण्यात चार चमचे येसर टाकावे."

शिवकन्येनं टाकलं. भाजलेल्या धान्याचं ते मसाल्याचं पीठ उकळत्या पाण्यात पडलं आणि त्याच्या गुठळ्या झाल्या. ती पळीनं दाबायला लागली तशा त्या पातेलंभर पळायला लागल्या.

"काकू, असंच असतं का?"

"पुस्तकात तर एवढंच हाय."

कितीतरी दिवसांत चंद्रभागाबाईंना इतकं बरं वाटलं नव्हतं.

सगळे जेवायला बसले. धर्मराजनं भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली, एक गुठळी फोडली. आत कोरडं पीठ निघालं. "लई चव हाय, वहिनीसाहेब," तो म्हणाला. आपण नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोराला जीभ आहे की चामड्याचा तुकडा, असा चंद्रभागाबाईंना प्रश्न पडला.

वाढता वाढता सून वैष्णवी थांबली. "आई, तुमी कडंचं वाचलंच न्हाई."

चंद्रभागाबाईंनी तिला भाकरी वाढायची खूण केली.

"मला शिकवताना कडंचं आधी वाचलं होतं तुमी. मला सारं पाठ हाय."

शिवकन्येनं ताटातली गुठळी बोटानं बाजूला सारली. ती आता रागावेल, ताटावरून उठेल, याची चंद्रभागाबाई वाट बघत होत्या. उठली असती तर सगळंच सोपं झालं असतं. पण ती म्हणाली, "मग वाचा की आता. माझी फजिती तर झालीच हाय."

वैष्णवीनं पुस्तक आणून पुढं ठेवलं आणि पाठीमागं उभी राहिली. एकही ओळ गाळायची सोय राहिली नाही. चंद्रभागाबाईंनी चष्मा पुसला, तो स्वच्छच होता, आणि वाचलं: "लिहिणारी बी येडी आन वाचणारी बी. आज सुनंनं गुठळ्या केल्या. मास्तराची लेक, नुसतं वाचाय येतंय. येसर गार पाण्यात कालव, मग सोड."

शिवकन्या अंगठ्यांचा हात तोंडावर धरून हसली. "म्हंजे काकू, तुमच्या बी झाल्या होत्या."

"एकदाच झाल्या."

"हे कडंचं सगळं असंच छापते. रतनबाईंच्या नावानं."

"आणि वर तुझं तोंड."

"फोटो तर लागतो काकू. मग त्यांचा द्या."

रतनबाईंचा फोटोच नव्हता. एकदा बीडला काढायचा म्हणून गेल्या होत्या. फोटोवाल्याचं तोंड बघूनच परत आल्या.

"त्यांचा न्हाई. तुझा बी नको. नुसतं नाव."

"यांना इचारावं लागंल."

"गुठळ्या करताना इचारलं होतं का?" चंद्रभागाबाईंनी पुस्तक मिटलं. "दर मंगळवारी ये, बसून उतरवून घे. आणि अंगठ्या घरी ठेवून ये. पीठ अडकतं."

शिवकन्या येईल की नाही, हे त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं. गाडी गेल्यावर त्यांनी वैष्णवीकडून पेन्सिल मागून घेतली आणि रतनबाईंच्या ओळींखाली, उरलेल्या बोटभर जागेत, लिहिलं: 'शिवकन्येनं गुठळ्या केल्या. मी करू दिल्या. धर्मराजला चव कळत नाही.'