छज्ज्याखालची खाच

थोरले साहेब गेले आणि महिन्याभरातच त्यांच्या कचेरीची आवराआवर निघाली. पन्नास वर्षांत या एका कचेरीने आसपासच्या गावांत सहाशेच्या वर इमारती उभ्या केल्या होत्या. शाळा, दवाखाने, वाचनालयं, काय म्हणाल ते. खिडक्यांवरचा रुंद छज्जा दिसला की लोक लांबूनच म्हणायचे, ही साहेबांची.

साहेबांच्या शेवटच्या वर्षात तेच छज्जे कोसळू लागले. पहिला पडला तो सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या शाळेत. दुसरा दवाखान्याच्या दारात एका बाईच्या पायावर पडला. मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी साहेबांचा उद्धार. साहेबांनी अंथरूण धरलं आणि शेवटपर्यंत जुनी गणितं मांडत राहिले. "कुठं चुकलो?" एवढंच विचारायचे.

रेघकाका चाळीस वर्षं तिथे नकाशे काढत होता. सरळ रेघ मारण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून हे नाव. साहेबांचा नियम असा की, एकदा जमलेली गोष्ट पुन्हा काढायची नाही, गिरवायची. छज्ज्याचा मूळ कागद एकच होता. तो गिरवून गिरवून विरला, तेव्हा रेघकाकाने त्याची स्वच्छ नवी प्रत केली. त्यानंतरची प्रत्येक इमारत त्या प्रतीवरून उठली. त्याला त्या प्रतीचा अभिमान होता, आणि तो लपवायचाही नाही.

आज माळ्यावरच्या गुंडाळ्या उतरवताना मूळ कागद त्याच्या हाताला लागला. सहज म्हणून त्याने तो खिडकीच्या काचेवर धरला.

छज्ज्याच्या खालच्या कडेला अर्धगोल खाच होती. करंगळीचं नख जाईल एवढी. पावसाचं पाणी तिथे तुटतं आणि खाली टपकतं. खाच नसेल तर तेच पाणी छज्ज्याच्या पोटाखालून भिंतीकडे सरकतं, आत मुरतं, लोखंड गंजवतं. कागदाची घडी नेमकी त्या खाचेवरून गेली होती. घडीवरचा डाग समजून त्याने ती गाळली होती. स्वच्छ प्रत!

टेबलाशी साहेबांची लेक पत्र लिहीत बसली होती. चूक वडिलांच्या गणितात होती असं कबूल करणारं ते पत्र उद्या सरकारी चौकशीला जाणार होतं. कागद परत माळ्यावर टाकला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. रेघकाकाने एक पाय पुन्हा शिडीवर ठेवला, मग काढून घेतला.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "ते पत्र राहू द्या. गणित बरोबर होतं. चूक माझी आहे."

त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बोट लावून दाखवलं. ती वास्तुरचना शिकलेली, तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"हा कागद होता कुठं?"

"माळ्यावर."

"काका, बाबांनी शेवटच्या आठवड्यात हाच मागितला होता तुमच्याकडे. मी तिथंच होते."

त्याला आठवलं. गुडघे दुखत होते, शिडी चढायचा कंटाळा आला होता. 'तो केव्हाच फाटला, साहेब. माझ्या प्रतीत सगळं आहे की.'

"तुम्ही फाटला म्हणालात, आणि बाबा म्हणाले, मग राहू दे, याच्या हातून काही सुटत नाही," ती म्हणाली. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "ते ओझं घेऊन गेले हो ते."

रेघकाकाला रडू फुटलं. तिने त्याला थोपवलं नाही. आपलं पत्र फाडून तिने कोरा कागद पुढे सरकवला.

"त्या प्रतीनंतरच्या सगळ्या इमारती लिहून काढा. खाली माणसं उभी असतात, आजच कळवायला हवं."

त्याला सगळ्या तोंडपाठ होत्या. संध्याकाळपर्यंत तीनशे एक्केचाळीस झाल्या, अक्षर मोत्यासारखं. कचेरीच्या कुठल्याच कागदावर गिरवणाऱ्याचं नाव नसे, कोपऱ्यात फक्त साहेबांची सही.

यादी संपल्यावर रेघकाकाने तोच कोपरा शोधला आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं. नावावरची त्याची रेघ पहिल्यांदाच वाकडी आली.