एकच्या बातम्यांआधी

लाँगफर्डच्या सिरिंजच्या कारखान्यात बाहेरचे फोन अट्रॅक्टा मुलडून नावाची बाई घ्यायची. त्या दिवशी सकाळची चहाची सुट्टी संपत आली असताना डब्लिनहून एका वार्ताहराचा फोन आला. आर्थिक बातम्या देणारा कुणी तरुण, बोलण्यात नुसती घाई.

"कारखाना बंद करण्याच्या निर्णयाबद्दल व्यवस्थापनाला काही बोलायचंय का? एकच्या बातम्यांत घेतोय आम्ही."

"कुठला कारखाना?"

पलीकडची घाई एकदम ओसरली. मग तो चाचरत म्हणाला, "माफ करा. मला वाटलं, तुम्हाला सांगितलं असेल."

अट्रॅक्टाने फोन ठेवला. तेवढ्यात पॅकिंगमधली नोरीन काचेवर टकटक करून गेली. "काय गं, तोंड का असं? भूतबित पाहिलंस की काय?"

अट्रॅक्टा हसल्यासारखं करून उठली, ती थेट मॅनेजरच्या खोलीत.

मॅलकी टूही टेबलावर नव्या यंत्राचा नकाशा पसरून बसला होता. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेली. तो वर चढत गेला, तरी तिने त्याला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

"मॅलकी, खरं सांग. आपण बंद होतोय?"

"कुणी उठवलं हे? दुपारी अमेरिकेहून कॉल आहे, या यंत्रासाठी."

"यंत्रासाठी, असं ते म्हणाले? की तूच धरून चाललास?"

त्याने फोन पुढे ओढला. मग त्याने अमेरिकेतल्या मुख्य कचेरीतल्या वरिष्ठ बाईंचा नंबर लावला. तिकडे अजून पहाट होती. तो 'हो, हो' म्हणत गेला आणि आवाज खाली खाली जात राहिला. फोन ठेवला तेव्हा चेहरा उतरला होता.

"तिकडचा आयातकर परवडत नाही, म्हणे. सगळं तिकडेच बनवणार. त्यांचा शेअर बाजार उघडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. उघडलं तर माझ्यावर कारवाई."

"बातमी फुटलीय, हे सांगितलंस ना?"

"सांगितलं. म्हणाल्या, तरी गप्प बसा." त्याने कपाळ चोळलं. "कँटीनमधला रेडिओ बंद कर, अट्रॅक्टा. थोड्याच वेळाचा प्रश्न आहे."

"आणि सगळ्यांच्या खिशातले फोन? नोरीनला हे सँडविच खाताना कळू देणार तू?"

"मग काय, माझ्या हाताने माझी नोकरी घालवू?"

"ते तुझं तू बघ. पण तू नाही गेलास तर मी जाते. मला धड सांगता यायचं नाही, मी रडेन, आणि त्यांना अर्धवटच कळेल."

त्याने सावकाश नकाशाची गुंडाळी केली. अट्रॅक्टा दारातून हलली नाही. शेवटी तो उठून खाली यंत्रांपाशी गेला.

यंत्रं एकामागून एक थांबली. टोपी-हातमोजे घातलेली माणसं गोळा झाली.

"कारखाना बंद होतोय," मॅलकी म्हणाला. "मलाही आत्ताच कळलं. रेडिओवर ऐकण्याआधी माझ्याकडून ऐका, म्हणून आलो."

"कधी बंद?"

"माहीत नाही."

"भरपाई किती?"

"तेही माहीत नाही."

"मग तुला माहीत तरी काय आहे?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळ्यांच्या नजरा मॅलकीवर होत्या. नोरीन मात्र अट्रॅक्टाकडे बघत होती. "मघाशी तुला ठाऊक होतं?" अट्रॅक्टाने होकारार्थी मान हलवली. नोरीनने तोंड फिरवलं.

एक वाजता सगळे कँटीनमध्ये उभ्याउभ्याच ऐकत होते. विजेचे दर वाढणार, लोणी पुन्हा महागलं, आणि मग लाँगफर्ड. चहात साखर ढवळून होते न होते तोच बातमी संपली आणि बाजारभाव सुरू झाले.

आठवडाभरात मुख्य कचेरीतून दोन माणसं आली आणि त्यांनी सगळ्यांत आधी मॅलकीला काढलं. कारखाना हिवाळा संपेपर्यंत रखडत चालला. नोरीन अट्रॅक्टाशी पुढे बोलायला लागली, पण लगेच नाही.

काढलं त्या दिवशी मॅलकी कोट हातावर घेऊन खाली आला, तेव्हा अट्रॅक्टाने विचारलं, "पस्तावतोयस?"

"आज तरी हो," तो म्हणाला, आणि बाहेर पावसात गाडीकडे चालू लागला.