बोलणाऱ्यांचा दिवाण

मित्रांनो, दिवाण म्हटला की तुम्हाला गाद्या, उशा आणि दुपारची डुलकी आठवेल. माझ्यावर मात्र फारसं कुणी झोपलं नाही. मी जुना झालो, माझा कापूस दोनदा पिंजून झाला, तरी मला झोपेपेक्षा बोलण्याचीच सवय जास्त आहे.

माझा जन्म चाकणचा. तिथल्या कारखान्यांत परदेशातून यंत्रं येतात, ती लाकडी खोक्यांत बंद होऊन. यंत्र बाहेर निघालं की खोकं भंगारात जातं. सयाजी मिस्त्री ती खोकी आणून फळ्या सुट्या करत, रंधा मारत आणि त्यांचे पलंग, टेबलं बनवत. माझ्या पोटाखालच्या फळीवर 'ही बाजू वर' असं सांगणारा काळा बाण अजून आहे. मिस्त्रींनी ती फळी नेमकी उलटी ठोकली.

मला बनवून घेतलं सांगवीच्या चित्राताईंनी. डोक्याकडची बाजू थोडी उंच हवी, आणि करकर अजिबात नको, एवढंच त्यांनी सांगितलं. मिस्त्रींनी विचारलं, "घरात कुनी आजारी हाय का, ताई?"

"नाही. बोलणाऱ्यांसाठी हवाय," त्या म्हणाल्या.

बोलायला खुर्ची पुरते की, असं मिस्त्रींच्या मनात आलं असणार. पण चित्राताई मनोविश्लेषक होत्या. त्यांच्याकडे येणारा माणूस माझ्यावर आडवा पडे आणि मनात येईल ते बोले. त्या त्याच्या डोक्यामागे खुर्चीत बसत. त्याला त्या दिसत नसत. औषध नाही, सल्ला नाही, फक्त पन्नास मिनिटांचं ऐकणं. माणसं उठून जात, पण त्यांचा खळगा माझ्या गादीत बराच वेळ राही. बंद खोलीत दुपारी तो खळगा हळूहळू वर येई, तेव्हा कुणीतरी अदृश्य माणूस आत्ता उठतोय असं मला वाटे.

जे ऐकलं ते दिवाणाने बाहेर सांगायचं नसतं. पण एक गोष्ट निशिगंधाताई स्वतःच आता नव्या शिकणाऱ्यांना सांगतात, आणि तिच्यातली माणसंही 'सांगा' म्हणाली आहेत. म्हणून तेवढी एकच सांगतो.

निशिगंधाताई थेरगावात राहत. मानसशास्त्र शिकून त्या चाकणच्या एका कंपनीत कामगारांच्या समुपदेशक झाल्या होत्या. त्यांना मनोविश्लेषक व्हायचं होतं. चित्राताईंनी त्यांना या शिक्षणाच्या अटी समजावल्या. वर्ग करावे लागतील. दोन माणसांचं विश्लेषण करून, दर आठवड्याला एका अनुभवी विश्लेषकापुढे त्या कामाची हकिगत मांडावी लागेल. शेवटी मान्यता देणाऱ्या समितीपुढे जावं लागेल. पण या सगळ्याच्या आधीची अट अशी, की दुसऱ्याचं ऐकण्याआधी स्वतः इथे आडवं पडायचं. आठवड्यातल्या चार सकाळी, काही वर्षं.

सकाळी सातला त्या येत. बोलत छान. आईबद्दल, शाळेबद्दल, स्वप्नांबद्दल. पण मध्येच बोलणं थांबे आणि त्यांची उजवी टाच माझ्या कडेवर आपटू लागे. धप्. थोडं थांबून पुन्हा धप्. एकसारखं अंतर, एकसारखा जोर. बोलणं सुरू झालं की टाच थांबे. हे त्यांना स्वतःला कळत नव्हतं. मला मात्र त्या गेल्यावरही, रिकाम्या खोलीत, तो ठोका लाकडात ऐकू येई.

असं सव्वा वर्ष चाललं. एका सकाळी चित्राताई मागून हळूच म्हणाल्या, "तुमच्या पायाला काहीतरी ऐकू येतंय."

निशिगंधाताईंनी मान उचलून स्वतःच्या टाचेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "प्रेस आहे ती."

आणि मग सगळं बाहेर आलं. त्या इथे यायला लागण्याआधी कंपनीत धनेश नावाचा एक कामगार होता. पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करायचा. तो एकदा त्यांच्या खोलीत येऊन म्हणाला होता, की मशीन त्याला नावाने हाक मारतं, आत ये म्हणतं. बाहेर अकरा जण रांगेत होते. निशिगंधाताईंनी त्याला नीट झोप घ्यायला सांगितलं आणि कागदावर 'कामास योग्य' असं लिहून सही केली. चौथ्या दिवशी धनेशने चालू प्रेसखाली हात घातला. चार बोटं गेली. चौकशीत अपघात लिहिला गेला. ताईंना कुणी काहीही विचारलं नाही. त्यांनी नोकरी सोडली, पण तो ठोका त्यांच्याबरोबर घरी आला. कुकरच्या शिट्टीआड, जिन्यावरच्या पावलांत, सगळीकडे तो होता.

"आता तुम्ही मला नापास करणार," त्या म्हणाल्या.

"ते माझं काम नाही. इथलं काही मी समितीला सांगत नाही. सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवा."

त्या दिवशी ताई उठल्या तेव्हा उशी भिजली होती. पुढचे कितीतरी महिने त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत राहिल्या. शेवटी एका रविवारी त्या धनेशला भेटायला राजगुरुनगरला गेल्या. मी तिथे नव्हतो. पण सोमवारी त्यांनी शब्दन् शब्द सांगितला.

धनेश पशुखाद्याच्या दुकानात बसला होता, उजवा हात मांडीखाली ठेवून. त्याने ताईंना ओळखलंच नाही. तीन वर्षं जो माणूस त्यांना क्षणभर सोडत नव्हता, त्याला त्यांचा चेहरा आठवत नव्हता. त्या दिवसांतलं काहीच आठवत नाही, म्हणाला. आवाज तेवढा अजून येतो.

"मलाही येतो," ताई म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगायला आल्या होत्या ते सांगितलं. "तुम्ही मला आधीच सांगितलं होतं, धनेश. मीच ऐकलं नाही."

धनेश बसल्या जागी पुढे झुकला.

"मी सांगितलं व्हतं?" त्याने विचारलं. "कुनाला तरी सांगितलं व्हतं मी?"

"हो. मला."

"मग आईला सांगा ते. ती रोज म्हनती, कुनाला बोलला का न्हाईस म्हनून. मलाबी वाटायचं, का बोललो न्हाई."

तो त्यांना घरी घेऊन गेला. त्याची आई इंदुताई दारात बसून लसूण सोलत होती. ताईंनी तिला सगळं सांगितलं. ऐकून इंदुताईने विचारलं, "मग तुमी काय केलं?"

"काही नाही केलं."

इंदुताई उठून आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. ताईंना कुणी बसा म्हटलं नाही, चहा मिळाला नाही. निघताना धनेश मात्र वेशीपर्यंत सोबत आला. दोन्ही हात त्याने उघडे सोडले होते.

पुढे समितीपुढच्या अर्जात निशिगंधाताईंनी ही सगळी हकिगत स्वतः लिहिली. आधी राजगुरुनगरला जाऊन त्या दोघांना विचारूनच. समितीने त्यांना एक वर्ष थांबवलं. त्यांनी वाद घातला नाही.

त्याच वर्षी चित्राताईंचे कान अधू झाले. माणसांना 'पुन्हा सांगा' म्हणावं लागू लागलं, तशी त्यांनी आपणहून खोली बंद केली. मला इमारतीच्या वाहनतळात नेऊन ठेवलं. माझ्यावर पाण्याचे रिकामे जार आले, मोडकी सायकल आली, एका मांजरीने पिल्लं घातली. ज्यांचं सगळं ऐकलं ती माणसं कुठे असतील, या विचाराने मी तिथे कुरतडला जात होतो. वाळवीही लागली होती, खोटं कशाला सांगू?

वर्ष संपलं. निशिगंधाताईंना मान्यता मिळाली आणि त्या टेम्पो घेऊन आल्या. डांगे चौकाजवळच्या त्यांच्या खोलीत आता मी आहे. त्यांची खुर्ची माझ्या मागे आहे. तो आवाज गेला का, असं एका शिकणाऱ्या मुलीने त्यांना परवा विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही गेला. आता त्याच्यासकट ऐकते."

मित्रांनो, मला पुसा, मला वाळवीपासून वाचवा, अशी विनवणी मी करणार नाही. लाकूड आज ना उद्या मोडतंच. पण तुमच्या वर्गातलं, घरातलं, गल्लीतलं कुणी कधी तुमच्याजवळ येऊन काहीतरी विचित्र, समजायला अवघड असं बोलेल. 'काही होत नाही रे' म्हणून तुम्ही पुढे निघाल, कारण तुम्हालाही घाई असेल. तसं करू नका. थांबा. उत्तर नाही सुचलं तरी चालेल. मोठ्या माणसाची मदत लागली तर ती आणा, पण आणून निघून जाऊ नका.

माझ्यावर पडलेली माणसं खूप वेळ गप्प राहतात आणि मग, मागे वळून न बघता, एकच प्रश्न विचारतात: "आहात ना?"

कुणी तुम्हाला तसं विचारेल, तेव्हा तिथे असा.